विनिपेगमध्ये तीन दिवस: नदीच्या अंगाने शहर कसे बघावे

प्रश्न थोडक्यात असा आहे: टोरांटोत राहणारे एक जोडपे, पुण्याहून आलेले सत्तरीच्या आसपासचे आईबाबा, सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारची सुट्टी धरून तीन दिवस हातात. नायगारा, ऑटवा, माँट्रियल झाले आहे. मॅनिटोबा प्रांताची राजधानी असलेल्या विनिपेगची विमानाची तिकिटे बरी मिळत आहेत, पण ज्याला विचारावे तो म्हणतो, "तिथे काय आहे बघण्यासारखे?" जावे का, आणि गेले तर काय बघावे?

जावे, आणि तीनही दिवस तिथेच काढावेत. मात्र शहर कसे बघायचे हे आधी ठरवून जा, कारण "तिथे काही नाही" हे मत विनिपेग गाडीतून बघणाऱ्यांचे आहे. विमानतळ ते हॉटेल ते मॉल असा प्रवास केला तर सपाट जमीन, रुंद रस्ते आणि वाहनतळ एवढेच दिसते. या शहरातले सर्वांत मोलाचे सगळे दोन नद्यांच्या संगमापासून दीड-दोन किलोमीटरच्या आत आहे आणि ते पायी चालणाऱ्यालाच सापडते.

दक्षिणेकडून येणारी रेड आणि पश्चिमेकडून येणारी असिनिबॉइन या त्या दोन नद्या. त्यांच्या संगमावर हजारो वर्षे माणसे भेटत आली, व्यापार करत आली. पुढे फर-व्यापाऱ्यांचे किल्ले आले, मग रेल्वे आली, आणि पश्चिम कॅनडाचा सगळा गहू विनिपेगमधून जाऊ लागला. १९११च्या जनगणनेत हे देशातले तिसऱ्या क्रमांकाचे शहर होते. मग १९१४मध्ये पनामा कालवा खुला झाला, पश्चिम किनाऱ्यावरचा माल समुद्रमार्गे जाऊ लागला, त्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि विनिपेगची घोडदौड थांबली. जुने पाडून नवे बांधण्याइतका पैसा शहराकडे पुन्हा कधी आला नाही. टोरांटोने जे पाडले ते इथे उभे आहे, ते या थांबण्यामुळे.

आता वेळेचे. सप्टेंबरचा पहिला आठवडा ही उत्तम निवड आहे. जूनमध्ये आणि जुलैच्या पूर्वार्धात डास इतके असतात की संध्याकाळी नदीकाठी बसणे कठीण होते, आणि मे-जूनमध्ये उंच गवतातून चाललात तर घरी आल्यावर अंगावर गोचीड बघावे लागतात. सप्टेंबरात दोन्ही बरेच कमी झालेले असतात. दुपारी वीस अंशांच्या आसपास उबदार आणि सूर्य मावळला की एकदम गार, असे हवामान असते. आईबाबांसाठी स्वेटर आणि वारा अडवणारे जाकीट सोबतच ठेवा, हॉटेलवर नको. इथे थंडीपेक्षा वारा जास्त बोचतो, कारण त्याला अडवायला आजूबाजूला एक टेकडीही नाही. हिमयुगानंतरच्या अगासीझ नावाच्या प्रचंड सरोवराचा हा तळ आहे, त्यामुळे जमीन परातीसारखी सपाट. त्या तळाची चिकणमाती पाऊस पडला की बुटाला लोण्यासारखी चिकटते आणि निसरडीही होते. नदीकाठच्या कच्च्या वाटेवर ज्येष्ठांना पाऊस थांबल्यावर लगेच नेऊ नका.

टोरांटोहून विमानाला अडीच तासांच्या आसपास लागतात आणि विनिपेगचे घड्याळ एक तास मागे आहे, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी निघालात तरी रात्रीच्या जेवणाला पोहोचता. विमानतळ शहराच्या मध्यापासून सात-आठ किलोमीटरवर आहे. त्याच्या जवळची हॉटेले स्वस्त दिसतात, पण ती घेऊ नका, वाचलेले पैसे टॅक्सीत जातील. ब्रॉडवे आणि मेन स्ट्रीट मिळतात त्या भागात, म्हणजे जुन्या युनियन स्टेशनच्या आसपास खोली घ्या. तिथून संगम, संग्रहालय, विधानभवन, जुनी बाजारपेठ सगळे चालत होते. आईबाबांना दुपारी तासभर आडवे होता येईल एवढ्या अंतरावर हॉटेल असणे हे अशा सहलीत एखाद्या प्रेक्षणीय स्थळाइतकेच महत्त्वाचे आहे.

गाडी तीनही दिवस नको, फक्त सोमवारसाठी घ्या. शनिवार-रविवारी ती वाहनतळावर पैसे खात उभी राहील. सुट्टीच्या दिवशी शहरातली भाड्याच्या गाड्यांची कार्यालये बंद असण्याची शक्यता फार, म्हणून गाडी विमानतळावरून घ्या आणि तिथेच परत करा. बसने फिरणार असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: २९ जून २०२५ रोजी विनिपेगच्या बसमार्गांचे जाळे पूर्ण बदलले. त्याआधीच्या कोणत्याही प्रवासवर्णनातला बसचा क्रमांक आता चालत नाही. रोख भाडे देताना चालक सुटे देत नाही, नेमके पैसे हवेत.

या सहलीचा खरा घात नियोजनात होतो, आणि तो सोमवारी होतो. इथली बरीच संग्रहालये उन्हाळा सोडला तर सोमवारी बंद असतात, आणि सुट्टीच्या सोमवारचे वेळापत्रक आणखी वेगळे असू शकते. लोक पहिले दोन दिवस इकडे तिकडे हिंडतात, मोठे संग्रहालय शेवटच्या दिवसावर टाकतात आणि बंद दारासमोर उभे राहतात. म्हणून छपराखालचे सगळे शनिवार-रविवारी, उघड्यावरचे सोमवारी. दुसरा घात रविवारी संध्याकाळचा. मध्यवर्ती भाग रविवारी लवकर ओस पडतो, छोटी उपाहारगृहे बंद असतात. त्या संध्याकाळचे जेवण कुठे, हे शनिवारीच ठरवून ठेवा.

शनिवारी सकाळी संगमावर, म्हणजे 'द फोर्क्स'ला जा. रेल्वेच्या जुन्या तबेल्यांतून उभा केलेला तिथला बाजार खाण्यापिण्यासाठी चांगला आहे, पण आधी पाण्याकडे उतरा. काठाने 'रिव्हरवॉक' नावाची पायवाट असिनिबॉइनच्या कडेने विधानभवनापर्यंत जाते. ती मिळाली तर भाग्य, कारण वर्षातला बराच काळ ती पाण्याखाली असते. रेड नदी उत्तरेला वाहते. वसंतात दक्षिणेकडचा, म्हणजे वरच्या अंगाचा बर्फ आधी वितळतो आणि ते पाणी उत्तरेच्या अजून गोठलेल्या पात्रावर येऊन आदळते. बर्फ तुंबतो आणि जमीन सपाट असल्याने पाणी नुसते पसरत जाते. १९५०च्या पुरानंतर शहराला वळसा घालणारा ४७ किलोमीटरचा पूरकालवा खोदला गेला आणि तो १९६८मध्ये पूर्ण झाला. खर्चाची टीका झाली, मुख्यमंत्री डफ रॉब्लिन यांच्या नावाने त्याला 'डफची चर' म्हणून हिणवले गेले. १९९७च्या महापुरात त्याच चरीने शहर वाचवले, आणि ते नाव आता लोक अभिमानाने घेतात. पण कालवा शहर वाचवतो, पायवाट नाही. उन्हाळ्यात वरच्या भागात जोराचा पाऊस झाला तरी ती बुडते आणि पाणी उतरल्यावर गाळ साचलेला असतो. दोरी बांधून बंद केली असेल तर ओलांडू नका, वरच्या असिनिबॉइन अव्हेन्यूने समांतर चाला. अंतर तेवढेच पडते.

संगमाला लागूनच काचेचे आणि दगडाचे मोठे संग्रहालय दिसते: कॅनडाचे मानवाधिकार संग्रहालय, २०१४मध्ये खुले झालेले. राजधानी परिसराबाहेर उभे राहिलेले देशाचे हे पहिले राष्ट्रीय संग्रहालय, वास्तुरचना अँटोइन प्रेडॉक यांची. खालचे दालन मुद्दाम अंधारे आहे. तिथून अलाबास्टर या पाझरत्या प्रकाशाच्या दगडाचे उतार एकमेकांना छेदत वर चढतात आणि शेवटी १०० मीटर उंचीच्या मनोऱ्यात उजेडात नेऊन सोडतात. सगळे उतार चाललात तर जवळपास किलोमीटरभर चढण होते. गुडघे दुखत असतील तर प्रत्येक मजल्यावर उद्वाहन आहे. एक-दोन उतार चालून अनुभव घ्या, बाकी उद्वाहनाने. साडेतीन तास ठेवा. मूळ रहिवाशांच्या मुलांना घरातून तोडून ज्या निवासी शाळांत ठेवले गेले त्यांचा इतिहास इथे स्पष्ट मांडला आहे. तो जड आहे, पण कॅनडात राहणाऱ्याने तो टाळू नये. मनोरा मात्र शेवटी ठेवा. दालनांतून आल्यावर वरून दिसणाऱ्या त्या दोन नद्यांचा अर्थ वेगळाच लागतो.

बाहेर पडल्यावर जवळच महात्मा गांधींचा पुतळा आहे. भारताची ही भेट २००४मध्ये इथे बसवली गेली आणि शेजारच्या रस्त्याला नंतर त्यांचे नाव मानाने दिले गेले. आईबाबांना तिथे फोटो काढावासा वाटणारच, तेव्हा दहा मिनिटे धरून ठेवा.

दुपारची विश्रांती झाली की चारच्या सुमारास नदी ओलांडून सेंट बॉनिफसला जा. वेळ मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे कळेल. 'एस्प्लनाड रिएल' हा फक्त पायी चालणाऱ्यांचा, पोलादी तारांनी तोललेला पूल पलीकडे फ्रेंच भाषकांच्या वस्तीत उतरतो. तिथे उजवीकडे वळून टाशे अव्हेन्यूने नदी उजव्या हाताला ठेवून पाच-सात मिनिटे चाला. डावीकडे एका भव्य चर्चची फक्त दर्शनी भिंत उभी दिसेल. मधल्या मोठ्या गोल खिडकीत काच नाही, आरपार आकाश दिसते. १९०८मध्ये बांधलेले हे कॅथेड्रल २२ जुलै १९६८ रोजी जळाले. वास्तुविशारद एत्येन गाबुरी यांनी जुन्या भिंती तशाच ठेवून त्यांच्या आत छोटे नवे चर्च बांधले, ते १९७२मध्ये पूर्ण झाले. दर्शनी भिंत पश्चिमेला, नदीकडे तोंड करून आहे. सकाळी गेलात तर ती सावलीत काळवंडलेली दिसते, चारनंतर तिच्यावर सोनेरी ऊन पडते.

समोरच्या दफनभूमीत मेती समाजाचे नेते लुई रिएल यांची साधी कबर आहे. मेती म्हणजे मूळ रहिवासी आणि युरोपीय, विशेषतः फ्रेंच, यांच्या संबंधांतून घडलेला समाज. १८६९-७०मध्ये रिएल यांनी त्यांचे हंगामी सरकार उभे केले आणि त्या वाटाघाटींतून १५ जुलै १८७० रोजी मॅनिटोबा हा प्रांत जन्मला. १६ नोव्हेंबर १८८५ रोजी याच माणसाला राजद्रोहासाठी रेजायना येथे फाशी देण्यात आली. आज प्रांतात त्यांच्या नावाने सार्वजनिक सुट्टी असते. या उलटफेराच्या खुणा दोन पुतळ्यांत बघता येतात. विधानभवनामागे नदीकडेला आज जो पुतळा आहे तो १९९६चा, अंगभर कपडे घातलेला, राज्यकर्त्याच्या रुबाबाचा. त्याआधी तिथे उघड्यानागड्या, वेदनेने पिळवटलेल्या रिएलचा पुतळा होता. त्यावर वर्षानुवर्षे वाद झाला आणि शेवटी तो सेंट बॉनिफसच्या फ्रेंच विद्यापीठाच्या आवारात हलवला गेला. तो कॅथेड्रलपासून चालत थोड्याच अंतरावर आहे. आधी हा बघा, रविवारी दुसरा बघा. आपल्या माणसाला एका समाजाने कसे आठवायचे हा प्रश्न महाराष्ट्रातून आलेल्या कुणालाही परका वाटणार नाही.

कॅथेड्रलशेजारी ओकच्या ओंडक्यांचे पांढरे लांबट घर दिसते. ते विनिपेगमधली सर्वांत जुनी इमारत, १८४०च्या दशकात ग्रे नन्स या जोगिणींनी सुरू केलेला मठ. आता तिथे सेंट बॉनिफसचे संग्रहालय आहे.

रविवारी सकाळी जुन्या बाजारपेठेत, 'एक्स्चेंज डिस्ट्रिक्ट'मध्ये जा. हा मेन स्ट्रीटच्या दोन्ही अंगांना पसरलेला जवळपास वीस चौकांचा भाग आहे. दीडशेच्या आसपास जुन्या इमारती, त्यांतल्या बहुतेक १८८० ते १९२०च्या दरम्यानच्या. १९९७मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. रविवारी दुकाने बहुतेक बंद असतात, पण रस्ते रिकामे असल्याने रस्त्याच्या मधोमध उभे राहून इमारती पूर्ण उंचीने बघता येतात. दुकानांची हौस असेल तर सेंट बॉनिफस रविवारी आणि बाजारपेठ शनिवारी दुपारी अशी अदलाबदल करा.

बघताना नजर तीन ठिकाणी ठेवा. पहिली, वर: बँकांच्या आणि धान्यकंपन्यांच्या इमारतींवरचे टेराकोटाचे नक्षीकाम तिसऱ्या मजल्याच्या वर सुरू होते, खालून चालणाऱ्याच्या नजरेतून सुटते. दुसरी, बाजूच्या विटांच्या भिंतींवर: शंभर वर्षांपूर्वी रंगवलेल्या जाहिराती पुसट होऊन अजून शिल्लक आहेत, पाऊस पडून भिंत ओली झाली की अक्षरे उठून दिसतात. तिसरी, मेन स्ट्रीटवरच्या १९१२च्या कॉन्फेडरेशन बिल्डिंगच्या वक्र दर्शनी भागावर. रस्ता जिथे वळतो तिथे इमारतच वाकवली आहे.

रस्ता मुळात वळतो का, हे समजून घेतले तर पुढचा सगळा दिवस सोपा जातो. पोर्टेज आणि मेन हे दोन मुख्य रस्ते म्हणजे नद्यांच्या कडेने जाणाऱ्या बैलगाड्यांच्या जुन्या वाटा. मेती आणि फ्रेंच वसाहतकऱ्यांच्या जमिनी नदीला काटकोनात अशा लांबट पट्ट्यांच्या होत्या, कारण प्रत्येकाला पाणी आणि वाहतूक हवी होती. नदी वळते तशा पट्ट्या वळल्या, आणि आजचे गल्ल्याबोळ त्या पट्ट्यांच्या बांधांवर बसले आहेत. त्यामुळे टोरांटोसारखे 'दोन चौक उत्तरेला, एक पूर्वेला' इथे जमत नाही, चालणारा हमखास तिरका भरकटतो. दिशा विचारताना आणि नकाशा बघताना आधी नदी कुठल्या हाताला आहे ते ठरवा. पोर्टेज आणि मेन यांचा चौक वाऱ्यासाठी देशभर बदनाम आहे. तो १९७९पासून पादचाऱ्यांना बंद होता, भुयारातून जावे लागे. २७ जून २०२५ रोजी तो पुन्हा खुला झाला, आता सरळ रस्ता ओलांडा.

मेन स्ट्रीटवर थोडे पुढे गेलात की जमिनीत रुतून कललेल्या ट्रामचे पोलादी शिल्प दिसेल. १९१९च्या मेमध्ये तीस हजारांहून अधिक कामगारांनी शहर सहा आठवडे बंद ठेवले. २१ जूनला जमावाने एक ट्राम उलटवायचा प्रयत्न केला, घोडेस्वार पोलिसांनी गोळीबार केला आणि दोघे मारले गेले. मुंबईच्या गिरणी संपाच्या आठवणी असलेल्या आईबाबांना इथे सांगण्यासारखे बरेच असेल.

शिल्पाजवळच मॅनिटोबा म्युझियम आहे. पाऊस असेल तर इथेच तीन तास काढा. त्यात 'नॉनसच' जहाजाची पूर्ण आकाराची प्रतिकृती एका बंदराच्या देखाव्यात उभी आहे आणि तिच्यावर चढता येते. मूळ जहाज १६६८मध्ये इंग्लंडहून हडसन उपसागरात आले, फर घेऊन परतले आणि त्यातून १६७०मध्ये हडसन्स बे कंपनी स्थापन झाली. एवढ्याशा नौकेतून माणसे तो समुद्र ओलांडून आली, हे फळीवर उभे राहिल्याशिवाय पटत नाही.

हवा चांगली असेल तर मात्र ते सोडून मेमोरिअल बुलेवार्डकडे, विनिपेग आर्ट गॅलरीला जा. तिला जोडून २०२१मध्ये 'कौमायुक' हे इन्युइट, म्हणजे आर्क्टिकमधल्या मूळ रहिवाशांच्या, कलेचे केंद्र उघडले. नावाचा अर्थ 'उजळ आहे'. तीन मजली काचेच्या तिजोरीत हजारो दगडी शिल्पे मांडली आहेत, ती रस्त्यावरूनही दिसतात. आत गेल्यावर घाई करू नका. एकाच विषयाची, समजा अस्वलाची, पाच-सहा शिल्पे शोधा आणि वेगवेगळ्या वस्त्यांतल्या हातांनी तोच प्राणी कसा घडवला ते बघा. दगडाचा रंग बदलतो, कारण प्रत्येक वस्तीला मिळणारा दगड वेगळा.

गॅलरीतून पाच मिनिटांवर विधानभवन. १९२०मध्ये पूर्ण झालेल्या या इमारतीत प्रवेश विनामूल्य आहे, ओळखपत्र सोबत ठेवा आणि रविवारची वेळ आदल्या दिवशी तपासा. भव्य जिना तेरा-तेरा पायऱ्यांच्या तीन टप्प्यांचा आहे, दोन्ही बाजूंना काशाचे गवे. घुमटावरचा सोनेरी तरुण सव्वापाच मीटर उंच आहे, हातात मशाल आणि काखेत गव्हाची पेंढी. पण इथे आलात तर भिंतींना नाक लावून बघा. हा टिंडल दगड, विनिपेगच्या ईशान्येला गार्सन गावाजवळच्या खाणीतला, सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीच्या उष्ण समुद्रात साचलेला चुनखडक. फिकट पार्श्वभूमीवर फांद्यांसारखे गडद डाग दिसतात, ती समुद्रतळात बिळे करणाऱ्या जिवांची बिळे. त्यांच्यामध्ये गोल शंख, साखळीसारखे प्रवाळ आणि सरळ शिंगासारखे लांबट कवच सापडते. लहान मुले असोत की आजोबा, पहिले जीवाश्म सापडले की माणूस तासभर भिंतीवरून हलत नाही. हाच दगड युनियन स्टेशनला आहे, आर्ट गॅलरीच्या बाहेर आहे आणि ऑटवाच्या संसदभवनात आतल्या भिंतींनाही आहे.

सोमवारी गाडी घेऊन उत्तरेला. सुमारे तीस किलोमीटरवर लॉकपोर्टला १९१०चे धरण आणि जलपाश (नौकांना वरच्या-खालच्या पाण्यात नेणारी दारे) आहे. त्याच्या खालच्या फेसाळत्या पाण्यात उन्हाळाभर पांढरे पेलिकन पक्षी मासे पकडत असतात, सप्टेंबरच्या सुरुवातीलाही बरेच असतात. सकाळी लवकर जा, दुर्बीण असेल तर न्या, उभे राहण्याची जागा पुलाजवळ काठावर आहे. पूरकालवा शहराला वळसा घालून याच परिसरात परत नदीला मिळतो. तिथून पुढे थोड्याच मिनिटांवर लोअर फोर्ट गॅरी, १८३०च्या दशकात हडसन्स बे कंपनीने बांधलेला दगडी किल्ला. ३ ऑगस्ट १८७१ रोजी मूळ रहिवासी आणि ब्रिटिश राजसत्ता यांच्यातला 'करार क्रमांक १' इथेच झाला. आतल्या इमारती मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंतच उघड्या असतात, तेव्हा निघण्याआधी त्या दिवशीची वेळ नक्की बघा. अडीच तास पुरतात. विमान संध्याकाळी सहानंतरचे घ्या, किल्ला ते विमानतळ पाऊण तास, गाडी परत करायला आणखी अर्धा.

सोबत लहान मुले असती तर सोमवारी असिनिबॉइन पार्क सांगितले असते. तिथल्या प्राणिसंग्रहालयात काचेच्या बोगद्यातून चालताना डोक्यावरून ध्रुवीय अस्वले पोहत जातात. १९१४मध्ये हॅरी कोलबर्न या सैनिकी पशुवैद्याने वीस डॉलरला विकत घेतलेल्या आणि विनिपेगवरून 'विनी' नाव ठेवलेल्या अस्वलाच्या पिल्लाचा पुतळाही त्याच उद्यानात आहे.

खाण्याचे. युक्रेनहून आलेल्या लोकांचे पेरोगी इथे सगळीकडे मिळतात: करंजीच्या आकाराची पारी, आत बटाटा आणि चीज, उकडून मग कांद्याबरोबर परतलेली. शाकाहाऱ्यांनी दोन गोष्टी विचाराव्यात. परततात लोण्यात की डुकराच्या चरबीत, आणि वरून बेकनचे तुकडे घालतात का. 'ऑनियन्स ओन्ली' एवढे सांगितले की काम होते. बॅनक ही मूळ रहिवाशांची जाड भाकरी छान लागते, पण तिच्यातही कधी चरबी असते. हनी डिल हे खास विनिपेगचे बुडवून खायचे चाटण म्हणजे मध आणि आपला शेपू, पण ते मेयोनीजमध्ये कालवतात, म्हणजे अंडे आले. मासे खात असाल तर धुरावलेला गोल्डआय मागवा. बिलावर केंद्राचा ५ आणि प्रांताचा ७ टक्के कर लागतो. पंधरा टक्के टिप धरली तर पाटीवरचे १०० डॉलर हातातून जाताना १२७ होतात.

सुरक्षिततेबद्दल सरळ सांगायचे तर दिवसा वरच्या सगळ्या भागांत निर्धास्त चाला. रात्री नऊनंतर बाजारपेठेच्या उत्तरेला मेन स्ट्रीटवर पायी भटकू नका, टॅक्सी घ्या. गाडीत बॅग, चार्जर, अगदी सुटी नाणीसुद्धा दिसतील अशी ठेवू नका, काच फुटण्याचे ते सर्वांत नेहमीचे कारण आहे.

हीच सहल फेब्रुवारीत करायची ठरवली तर आईबाबांना घेऊन नको. तरुणांसाठी मात्र ती वेगळीच मजा आहे: गोठलेल्या नदीवर स्केटिंगची लांब वाट तयार करतात आणि तिच्या कडेला वास्तुविशारदांनी रचलेली ऊबघरे असतात. वाट उघडणे बर्फाच्या जाडीवर अवलंबून असते, साधारण जानेवारीत सुरू होऊन मार्चच्या सुरुवातीला संपते. वाऱ्यासह जाणवणारे तापमान उणे २८च्या खाली गेले की उघडी त्वचा दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते, उणे ४०च्या खाली पाच-दहा मिनिटांत. अंगालगत सुती कपडा नको, तो घाम धरून ठेवतो आणि थांबलात की तोच गार पडतो. लोकर किंवा कृत्रिम धाग्याचा घाला. भाड्याच्या गाडीच्या पुढच्या जाळीतून लोंबणारी वायर तुटलेली नाही, ती इंजिन गरम ठेवायची आहे. रात्री ती विजेच्या खांबावर जोडा.

परतीच्या विमानात आईबाबांना खिडकीची जागा द्या. उजेड असेल आणि विमान नदीच्या बाजूने वर चढले, तर रेडच्या दोन्ही काठांना शेतांच्या लांबट चिंचोळ्या पट्ट्या दिसतील, आणि नदीपासून दूर जाताच त्यांच्या जागी नंतरच्या सरकारी मोजणीचे काटेकोर चौकोन सुरू होतील. ऑक्टोबर १८६९मध्ये रिएल आणि त्यांच्या सोबत्यांनी जमीन मोजण्याची साखळी अडवून थांबवली होती ती हीच मोजणी.